ॲस्टेरिस्कमध्ये सुधारणा करायचीय? कोडच्या आधी आराखडा : जळगावातून काही अनुभव

धुळे, शिरपूर, जळगावच्या कॉलेजांतली मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, ॲस्टेरिस्कमध्ये काँट्रिब्यूट करायचंय, कुठल्या फाइलपासून सुरुवात करू?" माझं उत्तर दरवेळी तेच असतं. फाइल नंतर उघडा. आधी एक पानभर लिहून काढा की कोणाला, कुठल्या कॉलमध्ये, नेमका काय त्रास होतो आणि तो दूर करताना दुसऱ्या कोणाचा चालू फोन बंद पडणार नाही ना. हे पान लिहायला कोणी शिकवत नाही. सी भाषा कॉलेजात शिकवतात, नेटवर्किंगचा पेपर असतो, पण सुधारणेचं नियोजन कसं करायचं हे ज्याचं त्याला कामावर शिकावं लागतं. नव्यांचा थोडा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲस्टेरिस्क म्हणजे साध्या कॉम्प्युटरला फोन एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणानं १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क लिहायला घेतलं. त्याची लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी होती, ऑफिससाठी फोन एक्स्चेंज हवं होतं आणि बाजारातलं परवडत नव्हतं. त्याच सुमारास जिम डिक्सन या अभियंत्यानं साध्या कॉम्प्युटरमध्ये बसणारी स्वस्त टेलिफोन कार्डं तयार करून त्यांचे आराखडे खुले केले होते. या दोन गोष्टी जुळल्या आणि एक्स्चेंज म्हणजे भिंतीवरचा महागडा डबा हे समीकरण मोडलं. स्पेन्सरची कंपनी पुढे डिजियम झाली आणि २०१८ मध्ये ती सँगोमानं घेतली. सॉफ्टवेअर मात्र जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आजही खुलं आहे.

नव्या मुलांचा एक गोंधळ इथंच सोडवून टाकतो. फ्रीपीबीएक्स म्हणजे ॲस्टेरिस्क नव्हे. तो ॲस्टेरिस्कवर बसवलेला वेब पॅनल आहे. त्यातलं एखादं बटण चुकीच्या जागी वाटत असेल, तर ती सुधारणा त्या प्रकल्पात जाते. फ्रीस्विच हा वेगळा प्रकल्प आहे, तो अँथनी मिनेसाले आणि सहकाऱ्यांनी ॲस्टेरिस्कवर काम केल्यानंतर नव्यानं उभा केला. कमायलियो आवाजाला हातच लावत नाही, तो सिपचे, म्हणजे इंटरनेटवरचे कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमावलीचे, निरोप इकडून तिकडे पोचवतो आणि ते काम प्रचंड वेगानं करतो. आपली अडचण यांपैकी कोणाच्या अंगणातली आहे हे ठरवणं ही नियोजनाची पहिली पायरी. चुकीच्या दारावर थाप दिली तर तिथले लोक नम्रपणे परत पाठवतात, पण तुमचा महिना जातो.

एक जुना लॅपटॉप घ्या, त्यावर डेबियन लिनक्स टाका आणि ॲस्टेरिस्क सोर्सवरून स्वतः कंपाइल करा. तयार पॅकेज टाकू नका, कारण पुढे कोड बदलून पुन्हा बांधायचा आहे आणि त्या वाटेची सवय पहिल्या दिवसापासून व्हायला हवी. घरातल्या वायफायवर दोन मोबाइलमध्ये लिनफोन किंवा झोइपर हे फोन-ॲप टाका, ६००१ आणि ६००२ असे दोन एक्स्टेन्शन, म्हणजे अंतर्गत नंबर, बनवा आणि एकावरून दुसऱ्याला फोन लावा. वाजला की आनंद होतो, व्हायलाच हवा. मग सिपचे निरोप पडद्यावर दाखवणारं एसएनग्रेप हे साधन लावून तोच कॉल पुन्हा करा.

एसएनग्रेपमध्ये तो कॉल शिडीसारखा दिसतो. ६००१ कडून इन्व्हाइट, म्हणजे कॉलचं आमंत्रण, येतो. ॲस्टेरिस्क तो लगेच घेत नाही, ४०१ पाठवतो : ओळख पटव. फोन पासवर्डच्या आधारे तयार केलेलं उत्तर जोडून दुसरा इन्व्हाइट पाठवतो. मग १०० ट्राइंग, समोरचा फोन वाजू लागला की १८० रिंगिंग, उचलला की २०० ओके, त्याला ॲक, म्हणजे पोच. कोणी ठेवला की बाय. नव्या मुलांना तो ४०१ एरर वाटतो आणि ती तिथंच अडकतात. तो एरर नाही, रीतसर व्यवहार आहे. २००२ साली आलेल्या आरएफसी ३२६१ या सिपच्या अधिकृत दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे. तो दस्तऐवज मोठा आहे, सलग वाचू नका. शिडीत जो निरोप दिसेल त्याचंच प्रकरण काढून वाचा.

त्या इन्व्हाइटच्या पोटात आवाजाचा पत्ता लिहिलेला असतो : मला ऐकवायचं असेल तर या आयपीवर, या पोर्टवर पाठवा. घरच्या राउटरमागच्या फोननं तिथं १९२.१६८ नं सुरू होणारा खासगी पत्ता लिहिला आणि सर्व्हर बाहेर कुठं असला, तर आवाज त्या पत्त्यावर पोचणार कसा? फोन लागतो, बिल सुरू होतं आणि एकाच बाजूनं ऐकू येतं. मला "ॲस्टेरिस्कमध्ये बग आहे" म्हणून आलेल्या तक्रारींत हीच सगळ्यांत जास्त दिसते आणि ती बग नसते. ॲस्टेरिस्कच्या कॉन्फिगरेशन फाइलीत बाहेरचा पत्ता ट्रान्सपोर्टच्या भागात सांगायचा, आतलं नेटवर्क कुठलं ते सांगायचं, एंडपॉइंटला, म्हणजे त्या फोनच्या नोंदीत, डायरेक्ट मीडिया (दोन फोनांनी परस्पर आवाज पाठवणं) बंद करायचा आणि आवाज ज्या पत्त्यावरून आला तिथंच परत पाठवायला सांगायचं. काम झालं. म्हणून आराखड्याच्या पानावर माझा पहिला प्रश्न हा असतो : हे कॉन्फिगरेशननं होतं का? होत असेल तर कोड बदलायची गरज नाही, पण ॲस्टेरिस्कच्या माहिती-पानांत ते नीट लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर तीच तुमची पहिली सुधारणा.

आता ज्या कामातून मी नियोजन शिकलो ते सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळंच आलं.

सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात ॲस्टेरिस्क बसवलं होतं. शेतकऱ्यानं फोन करायचा आणि आजचा भाव ऐकायचा, एवढंच काम. मराठी आकडे रेकॉर्ड करून, साउंड्सच्या फोल्डरमध्ये मराठीसाठी एमआर नावाच्या डिरेक्टरीत ठेवले, चॅनलची, म्हणजे चालू कॉलची, भाषा एमआर केली. भाव होता १५२५. फोनवर ऐकू आलं : "एक, हजार, पाच, शंभर, वीस, पाच." तिथले मुनीमजी ऐकत होते. म्हणाले, "भाऊ, हे वीस पाच काय म्हणतंय? शेतकऱ्याला वाटेल दोन भाव सांगितले."

मुनीमजींचं म्हणणं अगदी रास्त होतं. एखाद्या भाषेसाठी स्वतंत्र नियम दिलेला नसेल तर ॲस्टेरिस्क इंग्रजीचा नियम लावतं. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडून आकडा होतो, त्यामुळे मोजक्या फाइलींत भागतं. मराठीत पंचवीस, सदतीस, एकोणसाठ, त्र्याहत्तर हे प्रत्येक वेगळे. शून्य ते नव्याण्णव अशी सगळी शंभर रेकॉर्डिंग स्वतंत्र हवीत. बरं, १०० ला "शंभर" पण १०१ ला "एकशे एक". "दोन" आणि "शे" वेगवेगळे रेकॉर्ड करून जोडले तर मध्ये खाच पडते, कानाला टोचतं. म्हणून एकशे ते नऊशे हे नऊ अखंड घ्यायचे. शंभर, हजार, लाख, कोटी धरून एकूण ११३ फाइली. आणि लाखाचा वेगळा मुद्दा : इंग्रजी नियम १,२५,००० ला हजारांत मोजतो, आपल्याकडे "एक लाख पंचवीस हजार" असंच म्हणायला हवं.

याला वाटा दोन होत्या. पहिली, सी मध्ये आकडे बोलायची जी फाइल आहे तिच्यात मराठीसाठी नवं फंक्शन लिहायचं. दुसरी, ॲस्टेरिस्कमध्येच असलेली एक कमी माहितीतली सोय वापरायची : आकडे बोलण्याचे नियम कॉन्फिगरेशन फाइलीत डायल प्लॅनसारख्या (कुठला नंबर आला की काय करायचं ते सांगणाऱ्या यादीसारख्या) पॅटर्ननी लिहिता येतात, फक्त तिथला मोड जुन्यावरून नव्यावर न्यावा लागतो. कॉलेजातल्या कुठल्याही हुशार मुलाला पहिली वाट भारी वाटेल, कारण त्यात सी आहे. आराखडा लिहायला बसलं की चित्र बदलतं. सी मधलं फंक्शन म्हणजे पुन्हा कंपाइल, प्रत्येक नव्या आवृत्तीत ते टिकवायचं आणि मराठी न येणाऱ्या कोणीतरी ते तपासायचं. कॉन्फिगरेशनची वाट म्हणजे दोन अंकी आकड्याला सरळ त्याच नावाची फाइल वाजवायची, तीन अंकीला शेकड्याची फाइल आणि उरलेला आकडा. चार-दोन ओळी. आवडलं नाही तर परत फिरता येतं.

पण या वाटेतही एक खड्डा आहे आणि तो पानावर लिहिल्याशिवाय दिसत नाही. तो मोड सगळ्या सर्व्हरला एकदम लागतो. मराठीसाठी नव्यावर नेला की त्याच सर्व्हरवरचं इंग्रजी आणि हिंदीही नव्या नियमांनी बोलू लागतं. ज्या भाषेचे नियम त्या फाइलीत नाहीत, तिचं काय? हा प्रश्न मराठीच्या कामात मराठीपुरताच विचार करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. माझ्या आराखड्यात "दुसऱ्या कोणाला धक्का" असा कायमचा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवून मी पुढे जात नाही.

दुसरा मुद्दा निघाला तो बोलण्याच्या सवयीचा. व्यवस्था नीट झाल्यावर फोन म्हणू लागला, "एक हजार पाचशे पंचवीस." व्याकरणानं बरोबर. पण बाजारात कोणी असं म्हणत नाही. रावेर, यावल, सावदा, कुठंही जा, भाव "पंधराशे पंचवीस" असाच सांगतात. मग नियम बदलायचा का? वीज बिलाची रक्कम सांगणाऱ्याला "एक हजार पाचशे" हवं असेल. शेवटी ठरलं की मूळ नियम पुस्तकी ठेवायचा आणि भावासाठी वेगळ्या नावाचा नियम द्यायचा, ज्याला हवा तो वापरेल. अकराशे ते नव्याण्णवशेचं काम मग आहे त्या फाइलींवर भागलं नाही, "शे" जोडलेली नवी रेकॉर्डिंग लागली. पहिल्या टप्प्यात फक्त एकोणीसशेपर्यंतची घेतली.

वेळ सांगणं मात्र आम्ही जाणूनबुजून बाहेर ठेवलं. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच, आणि मध्येच दीड आणि अडीच. सुंदर प्रकरण आहे, मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ते पहिल्या टप्प्यात नको होतं. भाव सांगायला वेळ लागत नाही. "यात हे येणार नाही" असा रकाना आराखड्यात हवाच, आणि तो जितका मोठा तितकं काम पुरं होण्याची शक्यता जास्त. नवी मुलं उलटं करतात. आकडे, वेळ, तारीख, व्हॉइसमेल असं सगळं मराठीत करू म्हणतात. व्हॉइसमेलमध्ये "तुम्हाला दोन नवे निरोप आहेत" या वाक्याची रचना भाषेनिहाय सी मध्येच लिहिलेली आहे, तिथं कॉन्फिगरेशनची युक्ती पुरत नाही. ते सगळं एकाच पॅचमध्ये कोंबलं तर तपासणारा कुठून सुरुवात करणार?

तपासायचं कसं हेही आधी लिहा. आमच्या बाबतीत सोपं होतं : शून्यापासून नव्याण्णवपर्यंत आकडे एका लूपमध्ये बोलायला लावायचे आणि कन्सोलवर कुठली फाइल वाजली ते बघून ती एमआर मध्ये आहे का हे ताडून पाहायचं, कारण ॲस्टेरिस्क तिथं फाइलीचं नाव छापतं. एखादी फाइल एमआर मध्ये सापडली नाही तर ते गुपचूप इंग्रजी फाइल वाजवतं, आणि मराठी आकड्यांच्या मध्येच एक इंग्रजी शब्द येतो. कानानं शंभर आकडे ऐकताना तो निसटतो, नावं ताडताना निसटत नाही. त्यानंतर खरे ऐकणारे. आम्ही ते रेकॉर्डिंग शेतात उभ्या माणसाला, मोटार चालू असताना ऐकवलं. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" तिथं सारखेच ऐकू आले. दोन्ही पुन्हा, सावकाश, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन रेकॉर्ड केले. फोनचा आवाज आठ हजार हर्ट्झला नमुने घेऊन बनतो, स्टुडिओत गोड वाटलेलं त्यात टिकेलच असं नाही. ज्यांचा आवाज घेतला त्या ताईंची लेखी परवानगी घेतली आणि रेकॉर्डिंग कुठल्या परवान्याखाली देतोय तेही सोबत लिहून ठेवलं. हे कागद नंतर गोळा होत नाहीत.

मोठ्या प्रकल्पात बदल किती सावकाश होतो आणि का, हे समजून घ्यायला एकच उदाहरण पुरे. ॲस्टेरिस्कचा जुना सिप चॅनल ड्रायव्हर, म्हणजे सिप फोनांशी बोलणारा भाग, वर्षानुवर्षं वाढत जाऊन हाताळायला अवघड झाला होता. २०१३ मध्ये १२ व्या आवृत्तीत पीजेसिप या तयार लायब्ररीवर आधारलेला नवा ड्रायव्हर आला. जुना लगेच काढला नाही. १७ व्या आवृत्तीत तो कालबाह्य म्हणून जाहीर केला आणि २०२३ मध्ये आलेल्या २१ व्या आवृत्तीतून काढून टाकला. नवा आल्यापासून जुना जाईपर्यंत दहा वर्षं. मध्ये जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्या रूपात आणणारी स्क्रिप्टही दिली गेली. डायल प्लॅनमधल्या मॅक्रोचंही (पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्यांच्या जुन्या सोयीचंही) तसंच : १६ मध्ये इशारा, २१ मध्ये निरोप, मधल्या काळात सगळ्यांनी गोसब या पर्यायी सोयीवर जायचं. इतका वेळ का? कारण कुठल्यातरी दवाखान्यात, कुठल्यातरी कारखान्यात ते चालू असतं आणि तिथला माणूस रिलीज नोट्स वाचत नाही. त्याचा फोन वाजत राहिला पाहिजे. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

तुमच्या छोट्या सुधारणेलाही हाच नियम. नवी सोय मुळात बंद ठेवा, ज्याला हवी तो चालू करेल. आधीची कॉन्फिगरेशन फाइल न बदलता जशी चालत होती तशीच चालली पाहिजे. कुठल्या आवृत्तीत जायचं तेही ठरवा. अलीकडच्या सम आकड्यांच्या आवृत्त्या, म्हणजे १६, १८, २०, २२, दीर्घ मुदतीच्या आहेत : चार वर्षं दोषदुरुस्ती आणि त्यापुढे एक वर्ष फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. विषम आकड्यांच्या आवृत्त्यांचं आयुष्य कमी. कामाच्या सर्व्हरवर बहुतेक लोक दीर्घ मुदतीचीच ठेवतात, म्हणून तुमचा बदल तिथं पोचला तर त्याचा खरा उपयोग.

पोचवायची पद्धत सांगतो. २०२३ पासून ॲस्टेरिस्कचं काम गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चालतं. आधी तिथं इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, लिहा. नुसती "हे असायला हवं" अशी मागणी आणि कोडसह आलेला बदल यांना तिथं वेगवेगळी वागणूक आहे आणि ते योग्य आहे, कारण मागण्या करणारे पुष्कळ आणि हात थोडे. काँट्रिब्युटर करारावर सही करावी लागते. तो नीट वाचा. कंपनी हेच सॉफ्टवेअर व्यापारी परवान्यानंही देते, म्हणून तो करार आहे. पटत असेल तरच करा. पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या ही विनंती) मुख्य शाखेवर द्यायची आणि कुठल्या जुन्या शाखांत तो बदल न्यायचा ते कॉमेंटमध्ये लिहायचं. कमिटच्या मजकुरात वापरणाऱ्यांसाठी आणि आवृत्ती बदलणाऱ्यांसाठी वेगळ्या नोंदी लिहायची रीत आहे. तुमच्या आराखड्यातला "दुसऱ्या कोणाला धक्का" हा रकाना तिथं जवळपास जसाच्या तसा उतरतो.

टेस्टशिवाय नवी सोय चालू शाखांत घालायला लोक राजी नसतात. ॲस्टेरिस्कच्या सोर्समध्ये युनिट टेस्ट आहेत, कंपाइल करताना टेस्ट फ्रेमवर्क चालू केलं की कन्सोलवरून चालवता येतात. शिवाय वेगळा टेस्ट सूट आहे. त्यात पायथन आणि सिप वाहतूक बनवणारं एसआयपीपी हे साधन वापरून पूर्ण कॉल करून बघतात. माझा सल्ला असा की कोडच्या आधी तिथं जा. दुसऱ्यांच्या टेस्ट वाचा, एखादी सुटलेली बाजू दिसली तर तिची टेस्ट लिहा. त्यातून मेंटेनरांशी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांशी, ओळख होते आणि तुमचं इंग्रजीही सुधारतं. इंग्रजीची भीती मी आपल्याकडच्या मुलांत फार पाहतो. लांबलचक वाक्यं नकोत. काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, लॉग जोडला आहे. चार वाक्यं पुरतात. लॉग जोडण्याआधी त्यातले पासवर्ड आणि लोकांचे मोबाइल नंबर मात्र पुसून टाका.

रिव्ह्यूत सांगितलेले बदल मनावर घेऊ नका. एखाद्या मेंटेनरनं "हे असं नको" म्हटलं तर कारण विचारा. बहुतेकदा लॉक, मेमरी किंवा जुन्या वापरकर्त्याचा मुद्दा असतो, जो आपल्याला घरच्या लॅपटॉपवर दिसलेलाच नसतो. एका कॉलला चालणारा कोड दोनशे कॉल एकदम आले की अडकू शकतो. एसआयपीपीनं तेवढे कॉल मारून बघायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

आपल्या भागात राहून हे काम करण्याचा मला एक सरळ फायदा दिसतो. बंगळुरूच्या ऑफिसात जे घडत नाही ते इथं रोज घडतं. वीज जाते, राउटर बंद पडतो, परत येताना त्याला नवा पत्ता मिळतो आणि फोन जुन्याच पत्त्यावर नोंदलेला राहतो. ही नोंद किती वेळानं ताजी करायची, फोन मेला हे किती लवकर ओळखायचं, हे आकडे इथल्या परिस्थितीत मोजून ठरवता येतात. बँडविड्थचंही तसंच. जी.७११ हा कोडेक, म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत, सेकंदाला ६४ किलोबिट घेतो असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात वीस मिलिसेकंदांचा १६० बाइट आवाज आणि त्यावर ४० बाइटांचं वेष्टन, असे सेकंदाला पन्नास तुकडे, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. तालुक्याच्या गावातली लाइन चढत्या दिशेला अरुंद असते, तिथं दहा कॉल झाले की हा फरक जाणवतो. "आवाज तुटतो" असं लिहिण्याऐवजी हे गणित आणि सोबत पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून गेलेल्या तुकड्यांची नोंद, जोडलं तर तुमचा इश्यू जगातला कोणीही गांभीर्यानं वाचेल.

दोन गोष्टी घाईघाईत सांगतो, पण त्या सोडू नका. सिपचं ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकलं की थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावणं सुरू होतं. एक्स्टेन्शन ६००१ आणि पासवर्डही ६००१ असं शिकतानासुद्धा करू नका, परदेशी कॉलचं बिल येतं. आणि सार्वजनिक फोनजाळ्याला जोडणं परवानाधारक कंपनीकडून घेतलेल्या ट्रंकवरूनच, म्हणजे अधिकृत जोडणीवरूनच, करा. इंटरनेटवरून आलेले कॉल परस्पर साध्या फोनवर उतरवून देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

नोकरीबद्दल पालकही विचारतात. कॉल सेंटरची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, कंपन्यांना फोन-एपीआय देणाऱ्या, बँका आणि दवाखान्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या फर्मांना ही माणसं लागतात, पुण्यात जास्त. मुलाखतीत "एका बाजूनं आवाज येत नाही, काय बघशील?" हा प्रश्न हमखास असतो, आणि शिडी पाहिलेला मुलगा तिथं फळ्यावर उभा राहून दहा मिनिटं बोलू शकतो. डिप्लोमा आहे की इंजिनिअरिंग, इंग्रजी माध्यम की मराठी, याला त्या दहा मिनिटांत कोणी विचारत नाही. मुलाखतीला जाताना बदललेल्या कोडसोबत तुमचं ते आराखड्याचं पान न्या. दोन वाटांपैकी ही का निवडली, काय बाहेर ठेवलं, कोणाला धक्का बसू शकत होता. मी स्वतः माणसं निवडताना तेच पान आधी वाचतो.

सध्या माझ्या टेबलावर अहिराणीचं पान आहे. ॲस्टेरिस्कमध्ये भाषेच्या नावात अंडरस्कोर असेल आणि त्या डिरेक्टरीत फाइल सापडली नाही, तर ते अंडरस्कोरच्या आधीच्या भाषेत शोधतं. म्हणजे अहिराणीची डिरेक्टरी एमआर अंडरस्कोर एएचआर अशी ठेवली, तर जे रेकॉर्ड झालं ते अहिराणीत वाजेल आणि उरलेलं मराठीत. त्यामुळे सगळं एकदम रेकॉर्ड करायची गरज नाही, आधी स्वागत आणि "थांबा, जोडून देतो" एवढं पुरे. अडचण वेगळीच आहे. चाळीसगावकडची, अमळनेरकडची आणि साक्रीकडची बोली एकसारखी नाही. कुठली घ्यायची, की तालुक्यानिहाय तिसरा थर ठेवायचा, आणि तो ठेवला तर फाइलींची देखभाल कोण करणार, हे रकाने अजून रिकामे आहेत. तिन्हीकडच्या काही आजीबाईंना नमुने ऐकवून झाल्याशिवाय ते भरायचे नाहीत असं ठरवलंय.